बारा नंबरची अट

कॅज्युअल्टीत नवा पेशंट आला की तिथला ज्युनिअर डॉक्टर ठरलेल्या क्रमानं विचारत जातो. बीपी आहे का, शुगर आहे का, आधी काही ऑपरेशन, कसली ॲलर्जी. शेवटी आवाज जरा खाली आणून, ‘दारू वगैरे?’ या प्रश्नाला पेशंट बहुधा उत्तर देत नाही, छताकडं बघत पडून राहतो. उत्तर येतं बायकोकडून, नाहीतर आईकडून. ‘घेत्यात की ओ रोज. डॉक्टरास्नी खोटं कशाला सांगू?’ डॉक्टर लिहितो, ‘के/सी/ओ क्रॉनिक अल्कोहोलिक, १२ वर्षे’, म्हणजे बारा वर्षांपासूनचं दारूचं व्यसन. अर्ध्या मिनिटाचं काम. तीच फाइल दोन-तीन दिवसांनी माझ्या टेबलावर यायची, तेव्हा त्या एका ओळीनं लाख-दीड लाखाचा निकाल लागलेला असायचा, आणि तो त्या बाईच्या कानावर घालायचं काम माझं असायचं.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका खासगी रुग्णालयाच्या इन्शुरन्स डेस्कवर मी नऊ वर्षं काढली. या नऊ वर्षांत सगळ्यांत जास्त वेळा ज्या अटीपाशी येऊन मी अडले, ती अट तुमच्याही पॉलिसीत बहुतेक असेल. कागदपत्रांचा गठ्ठा काढा, ‘एक्स्क्लूजन्स’ नावाचं पान शोधा, कोड १२ बघा. दारू, अमली पदार्थ किंवा कुठलंही व्यसन यांवरचे उपचार आणि त्यांचे परिणाम, यांचा खर्च मिळणार नाही. एवढंच वाक्य. यातला ‘उपचार’ हा शब्द लोकांना वाचल्यावर पटतो. ‘परिणाम’ हा शब्द कुणाच्या लक्षातच येत नाही, आणि खरा घात तोच करतो.

साखर कारखान्यातला एक फिटर होता, त्रेचाळिशीचा. सकाळच्या पाळीला निघाला असताना उसाची ट्रॉली चुकवायला गेला, मोटरसायकल घसरली, मांडीचं हाड मोडलं. रॉड टाकायचं ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. तिसऱ्या रात्री त्याचे हात थरथरायला लागले. घामानं कपडे ओले. चादरीवरच्या मुंग्या झटकायला लागला, मुंग्या नव्हत्याच. पहाटे सलाइन उपसलं आणि नर्सला आपल्या वारलेल्या चुलत्याच्या नावानं हाका मारायला लागला. रोज पिणाऱ्याची दारू एकदम थांबली की दोन-तीन दिवसांनी हे होऊ शकतं. डिलिरियम ट्रेमेन्स हे त्याचं पूर्ण नाव, वॉर्डात सगळे ‘डीटी’ म्हणतात. वेळेवर औषध नाही मिळालं तर माणूस दगावतो. मानसोपचारतज्ज्ञांना बोलावलं, लोराझेपाम, थायमिन, चार दिवस आयसीयू. वाचला.

टीपीएचं, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं क्लेम तपासणाऱ्या संस्थेचं, पत्र आलं. हाडाचा खर्च मंजूर, आयसीयूचे चार दिवस नामंजूर, कारण कोड १२. सोबत एक क्वेरी: अपघाताच्या वेळी पेशंट नशेत होता काय? नव्हता. मेडिकोलीगल कागदावर तसं स्वच्छ लिहिलेलं होतं. त्याचे पैसे प्यायल्याबद्दल कापलेच नव्हते, दारू थांबल्यामुळे जे झालं त्याबद्दल कापले होते. मी हे त्याच्या बायकोला शक्य तितक्या सौम्यपणे सांगितलं. ती जराही चिडली नाही. म्हणाली, ‘मग डॉक्टरांनी विचारलं तवा मी गप बसायचं हुतं का, मॅडम?’

तिला मी काय उत्तर दिलं ते मला आता आठवत नाही. पण पुढच्या वर्षी हाच माणूस पोटदुखीनं परत ॲडमिट झाला, तेव्हा तिनं काय सांगितलं ते आठवतं. ‘दारू? छे, कधीच न्हाई.’ एवढ्या एका वर्षात ती शिकली होती. आणि ज्या डॉक्टरला दारूचं माहीतच नाही तो पहिल्या दिवसापासून थायमिन कसं सुरू करणार, तिसऱ्या रात्रीची तयारी कशी ठेवणार? कंपनीचे चार पैसे वाचवायला लिहिलेली अट अशी थेट पेशंटच्या खाटेपाशी येऊन उभी राहते. वैद्यकातली सगळी मदार ज्या प्रश्नाच्या खऱ्या उत्तरावर असते, त्याच प्रश्नाच्या खऱ्या उत्तराला या अटीनं दंड लावून ठेवला आहे. ही अट काढावी असं मी म्हणते त्याचं पहिलं कारण हे आहे. दया, माणुसकी वगैरे सगळं त्याच्या नंतर.

आता कायद्याकडं वळू, कारण कायदा या बाबतीत पेशंटच्या बाजूनं आहे आणि ते फार थोड्यांना ठाऊक आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा संसदेनं २०१७ साली केला, २९ मे २०१८ पासून तो लागू झाला. त्यात ‘मानसिक आजार’ या शब्दाची व्याख्या दिली आहे आणि त्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था येतात. त्याच कायद्याचं कलम २१, उपकलम ४ म्हणतं की शारीरिक आजारांच्या उपचारांसाठी विमा कंपनी ज्या आधारावर विमा देते, त्याच आधारावर तिनं मानसिक आजारांच्या उपचारांसाठीही दिला पाहिजे. दोन्ही ओळी शेजारी ठेवल्या तर शाळेतल्या पोरालाही निष्कर्ष काढता येईल. विमा नियामक आयआरडीएआयनं ऑगस्ट २०१८ मध्ये कंपन्यांना हे कलम पाळायला सांगितलं. कंपन्या रेंगाळल्या. एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं एका सरकारी विमा कंपनीला आणि ओघानं नियामकालाही सुनावलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये नियामकानं परत एकदा परिपत्रक काढून ३१ तारखेची मुदत घातली.

यामुळे नैराश्य, स्किझोफ्रेनिया, बायपोलर यांचे क्लेम थोडेफार वाटेला लागले. व्यसन मात्र दाराबाहेरच राहिलं, कारण मधल्या काळात, सप्टेंबर २०१९ मध्ये, याच नियामकानं एक्स्क्लूजन्सची प्रमाण भाषा ठरवून दिली होती. त्या मार्गदर्शक सूचनांची गंमत बघा. एका प्रकरणात कोणकोणत्या गोष्टी कंपन्यांना वगळताच येणार नाहीत याची यादी आहे आणि तीत मानसिक आजारांचे उपचार येतात. दुसऱ्या प्रकरणात वगळायचंच असेल तर कुठल्या शब्दांत वगळा याची यादी आहे आणि तीत बाराव्या क्रमांकावर व्यसन. एका हातानं वाढलं आणि दुसऱ्या हातानं ताटातून उचललं. संसदेनं मानसिक आजाराची व्याख्या करताना जे आत घेतलं, ते परिपत्रकाला बाहेर काढता येतं का, हा प्रश्न मी वकिलांवर सोडते. पण एक गोष्ट कुणीही वाचून समजून घेऊ शकतं: ती दुसरी यादी सक्तीची नाही. कंपनीनं मनात आणलं तर ती उद्या सकाळी बारा नंबरची अट आपल्या पॉलिसीतून काढून टाकू शकते, तिला कुणीही अडवलेलं नाही.

यावर येणारा आक्षेप मी इतक्यांदा ऐकला आहे की तो मला पाठ झाला आहे. त्यानं ढोसायची आणि भरायचं कुणी, आम्ही? आमच्याच डेस्कवर माझ्या शेजारी बसणारा मुलगा हे म्हणायचा, आणि तो काही दुष्ट नव्हता. त्याच्या घरी प्रीमियम भरताना ओढाताण व्हायची. त्यामुळे हा आक्षेप हसण्यावारी नेता येत नाही.

पण विमा कधी कुणाला विचारतो का, की हे तुझ्या चुकीनं झालं का? हेल्मेट न घालणाऱ्याच्या डोक्याचं ऑपरेशन विम्यातून होतं. तीस वर्षं जिलेबीला नाही न म्हणलेल्या माणसाच्या पायाच्या गँगरीनचा खर्च विम्यातून होतो. तंबाखू मळणाऱ्याच्या तोंडाच्या कॅन्सरच्या फायली मी स्वतः केल्या आहेत, बहुतेक मंजूर झाल्या, आणि वॉर्डात त्याच्याभोवती सहानुभूतीनं माणसं उभी असायची. मग शेजारच्या खाटेवरच्या लिव्हरवाल्याकडंच बघताना आपलं तोंड वाकडं का होतं? त्याचं कारण वैद्यकशास्त्रात सापडत नाही. तंबाखूवाला रात्री बायकोवर हात उगारत नाही, दारूवाला उगारतो. आपला राग तिथून येतो आणि तो राग खोटा नाही. मात्र त्या रागाची शिक्षा भोगतं कोण? नामंजुरीचं पत्र घेऊन माझ्यासमोर पिणारा माणूस कधी बसला नाही. बसायची ती मार खाणारी बाई, मंगळसूत्राला हात लावत, ‘किती भरायचं म्हणला?’ असं विचारत.

शिवाय ‘आम्ही का भरायचं’ म्हणणारे आजही भरतच आहेत, फक्त त्यांना ते दिसत नाही. तीच फाइल ‘ॲक्यूट गॅस्ट्रायटिस’ म्हणून येते. ‘पॅन्क्रियाटायटिस, कारण अज्ञात’ म्हणून येते. झटके आले तर ‘सीझर डिसऑर्डर’ म्हणून. डॉक्टर काही लबाड नसतात. समोरच्या घराची दशा बघून त्यांचं पेन थांबतं. कबूलच करायचं तर मीही दोनदा डॉक्टरांपाशी जाऊन म्हटलं आहे, ‘सर, ती ओळ लिहायलाच हवी का?’ एकानं नाही लिहिली. दुसऱ्यानं मला चांगलं खडसावलं, आणि त्याचं बरोबर होतं. जिथं ती ओळ लिहिली जात नाही तिथं कंपनी पैसे देते: स्वादुपिंडाला सूज आली की देते, सहा महिन्यांनी परत आली की परत देते. दर वेळी पोट बरं करून माणूस घरी पाठवला जातो आणि मूळ आजाराला कुणी हातही लावत नाही, कारण त्याचं नाव घेतलं की सगळंच अडकतं. प्रीमियमचे पैसे वाचवण्याची यापेक्षा महाग पद्धत मला तरी माहीत नाही.

खोट्याची सुरुवात तर रुग्णालयाच्या कितीतरी आधी होते. पॉलिसी विकायला आलेला एजंट ओळखीतलाच असतो, बहुधा साडूचा भाऊ नाहीतर पतसंस्थेतला कुणी. प्रपोजल फॉर्मवर प्रश्न असतो: मद्यपान करता का, किती, किती वर्षं? ‘काका, हितं “नाही”वर टिक करा, उगीच लफडं नको.’ काका टिक करतात. पुढं क्लेम येतो, इतिहास निघतो, आणि कंपनी म्हणते तुम्ही माहिती दडवलीत. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एलआयसीच्या आरोग्य पॉलिसीच्या एका प्रकरणात हेच ग्राह्य धरलं. दीर्घ काळचं मद्यपान लपवलं होतं म्हणून मृत विमाधारकाच्या बायकोच्या बाजूनं लागलेले ग्राहक आयोगांचे निकाल न्यायालयानं फिरवले. करार म्हणून बघितलं तर त्या निकालात खोट काढता येणार नाही, फॉर्मवर खोटं लिहू नये हे शंभर टक्के खरं. पण काकांनी खरं लिहिलं असतं तर? पॉलिसी मिळाली असती की नाही कोण जाणे, आणि मिळाली असती तरी बारा नंबर होताच. खरं सांगून नुकसान, खोटं सांगूनही नुकसान. अशा करारात माणूस त्यातल्या त्यात लांबचं नुकसान निवडतो.

आता हा आजार किती मोठा आहे ते बघा. केंद्र सरकारसाठी एम्सच्या व्यसनोपचार केंद्रानं केलेलं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. १० ते ७५ वयोगटातले साधारण १६ कोटी लोक दारू पितात, त्यांतले जवळपास २.९ कोटी दारूवर अवलंबून आहेत, म्हणजे आजारी. या आजाऱ्यांपैकी कुठलाही उपचार मिळालेले किती? ३८ जणांत १. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेतलेले? १८० जणांत १. मधुमेहाच्या बाबतीत असा आकडा आला असता तर विधानसभेत गोंधळ झाला असता.

विधानसभेवरून आठवलं. दारूच्या हिशेबात सरकार फार तल्लख आहे. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मितिमूल्याच्या तिपटीवरून साडेचार पटीवर नेलं आणि सगळ्या बदलांतून वर्षाला १४,००० कोटी रुपये जास्तीचे मिळतील असा अंदाज सांगितला. जास्तीचे, एकूण नव्हे. दुसरीकडं राज्यातला १९४९ चा दारूबंदीचा कायदा अजूनही पुस्तकात आहे. त्याप्रमाणे प्यायला परवाना लागतो, एका दिवसाचा पाच रुपयांत मिळतो, आणि त्यात कलम ४० अ खाली चक्क ‘आरोग्य परवाना’ नावाचा प्रकार आहे. म्हणजे सरकारदरबारी प्यायचं कारण आरोग्य असू शकतं, पण त्याच माणसाचं पिणं सोडवण्याला कंपनी आरोग्यात धरत नाही. आणि सप्टेंबर २०२५ पर्यंत वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर १८ टक्के जीएसटी होता. बाटलीवर कर भरला, विम्यावर कर भरला, आणि उपचाराच्या वेळी बारा नंबर.

अट काढा, ठीक आहे, पण नेमका कशाचा खर्च द्यायचा? इथं मात्र सावध राहायला हवं, कारण व्यसनाचा उपचार हा अपेंडिक्ससारखा कापून टाकायचा प्रकार नाही. महाराष्ट्राला हे शिकवलं पुण्याच्या मुक्तांगणनं. २९ ऑगस्ट १९८६ ला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची देणगी पाठीशी होती. तिथला मुक्काम पाच आठवड्यांचा. पहिले काही दिवस शरीरातली दारू उतरवायची, बाकीचा सगळा काळ बोलणं, गट, श्रमदान, व्यायाम, आणि घरच्यांना सोबत घेणं. बाहेर पडल्यावर पाठपुरावा वर्षानुवर्षं. स्वतः व्यसनातून बाहेर आलेली माणसं तिथं नव्यांना आधार द्यायला उभी राहतात. आता हे सगळं विम्याच्या कुठल्या रकान्यात बसवणार? आपल्या पॉलिसीत रुग्णालयाची व्याख्या आहे: दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावात किमान १० खाटा, इतरत्र १५, चोवीस तास डॉक्टर आणि प्रशिक्षित नर्स, शस्त्रक्रिया होत असतील तर सुसज्ज ऑपरेशन थिएटर. शिवाय किमान चोवीस तास दाखल असावं लागतं. गटात बसून आपली कहाणी सांगणाऱ्या माणसाचा खर्च या व्याख्येत कुठंच बसत नाही. माझ्या मते पूर्ण पाच आठवड्यांचा मुक्काम विम्यावर टाकायचा हट्ट धरूही नये. मुक्कामी केंद्रं देणगीवर, सरकारी अनुदानावर आणि पेशंटच्या ऐपतीप्रमाणे चालत आली आहेत, तो मार्ग बळकट करावा. विम्यानं त्यातला निखळ वैद्यकीय भाग उचलावा.

असं म्हणायला दुसरंही एक कारण आहे. अमेरिकेनं हा रस्ता आपल्या आधी पायाखाली घातला. तिथं २००८ च्या समानता कायद्यानं मोठ्या कंपन्यांच्या विम्याला सांगितलं की मानसिक आजार आणि व्यसन यांच्यावर शारीरिक आजारांपेक्षा कडक अटी घालता येणार नाहीत. पुढं २०१० च्या आरोग्यसेवा कायद्यानं व्यसनोपचाराला आवश्यक लाभांच्या यादीत बसवलं. लाखोंना उपचाराचं दार उघडलं, हे खरंच. पण दक्षिण फ्लोरिडात काय झालं? चांगला विमा असलेली व्यसनी पोरं हेरून त्यांना केंद्रांपर्यंत पोचवणारे दलाल उभे राहिले, त्यांना तिथं ‘बॉडी ब्रोकर’ म्हणतात. पोरगं आणलं की कमिशन. आठवड्यात अनेकदा लघवीची तपासणी करायची आणि प्रत्येक तपासणीचं भरमसाट बिल लावायचं. पोरगं बरं झालं तर धंदा थांबतो, म्हणून कुणीतरी त्याच्या हातात परत नशा ठेवायचं, की नवं ॲडमिशन, नवं बिल. शेवटी २०१८ मध्ये असल्या कमिशनविरुद्ध केंद्रीय कायदा करावा लागला.

आपल्याकडं हे होणार नाही असं समजायला मी काही तयार नाही. कट प्रॅक्टिस ज्या राज्यात रुळलेली आहे तिथं दलाल तयार व्हायला किती वेळ लागेल? आणि आपली व्यसनमुक्ती केंद्रं? चांगली आहेत ती सोन्यासारखी आहेत. पण महामार्गालगतच्या एखाद्या बंगल्यावर बोर्ड लावून चालवलेली केंद्रंही मी बघितली आहेत. घरच्यांनी फोन करायचा, रात्री चार जण जीप घेऊन येतात आणि माणसाला उचलून नेतात. आत कुलूप, मार, डॉक्टर महिन्यातून एकदा. अशाच एका केंद्रातून आमच्याकडं आलेल्या पोराच्या घोट्यावर साखळीचे वण होते. २०१७ च्या कायद्याच्या कलम ९५ नं साखळदंडाला कुठल्याही स्वरूपात बंदी घातली आहे, आणि अशा केंद्रांना राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडं नोंदणी सक्तीची आहे. तरी ती चालतात, कारण त्यांना पैसे देणाऱ्या बापाला नोंदणी क्रमांक विचारायचं सुचत नाही. तो रडकुंडीला आलेला असतो.

विमा कंपनी मात्र विचारेल. रुग्णालयाच्या बाजूनं नऊ वर्षं टीपीएशी भांडल्यावर मी हे जरा नाखुशीनंच लिहिते, पण खरं आहे: त्यांच्याइतका संशयी माणूस दुसरीकडं सापडत नाही. नर्सच्या सहीची वेळ जुळत नाही म्हणून फाइल परत पाठवणारे लोक ते. हा संशय एकदा साखळीवाल्या केंद्रांच्या दिशेनं वळला तर बरंच काही होईल. नोंदणी नाही, मानसोपचारतज्ज्ञ नाही, रोजच्या नोंदी नाहीत, तर पैसे नाहीत. सरकारी तपासनीस जिथं वर्षातून एकदाही जात नाही तिथं क्लेमची तपासणी दर ॲडमिशनला होईल.

म्हणून मला हवं ते असं. नोंदणीकृत ठिकाणी दारू किंवा नशा उतरवण्याचे सुरुवातीचे पाच-सात दिवस, जिथं जीव जाण्याचा धोका असतो, त्यांचा खर्च इतर कुठल्याही ॲडमिशनसारखा. दुसऱ्या आजारासाठी दाखल असताना डीटी झाला तर त्याचा पूर्ण खर्च, एक पैसाही न कापता. त्यानंतर वर्षभर मानसोपचारतज्ज्ञाच्या ओपीडीची फी आणि औषधं. डायसल्फिरॅम, नाल्ट्रेक्सोन, अफूजन्य नशेसाठी ब्युप्रेनॉर्फिन. ही रोजची औषधं आयसीयूच्या एका रात्रीच्या मानानं किरकोळ आहेत. हवा तर प्रतीक्षाकाळ लावा, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर ठरावीक काळ यावरचा क्लेम देऊ नका. आधीपासूनच्या आजारांसाठी आज जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे, तोच याला. हवं तर को-पे ठेवा, म्हणजे बिलातला काही वाटा पेशंटनं भरायचा. पण ‘आणि त्यांचे परिणाम’ हे शब्द जाऊ द्यात. त्या शब्दांनी लिव्हर, स्वादुपिंड, मेंदू, नसा, रक्ताची उलटी, सगळं एका फटक्यात पॉलिसीबाहेर काढलं आहे, आणि कुठला परिणाम दारूचा व कुठला नाही हे ठरवणार कोण, तर कंपनीच्या ऑफिसात बसून फाइल वाचणारा माणूस, ज्यानं पेशंटला बघितलेलंही नाही.

आणि परत प्यायला लागला तर? हा प्रश्न येणारच. परत प्यायला लागतो, पुष्कळ वेळा लागतो. २००० साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका गाजलेल्या निबंधात व्यसनाची तुलना मधुमेह, रक्तदाब आणि दमा यांच्याशी केली होती: व्यसनात उपचारानंतर घसरण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्के, रक्तदाब आणि दम्यात ५० ते ७०. दम्याचा पेशंट दुसऱ्यांदा ॲडमिट झाला तर त्याला कुणी ‘तुला एकदा संधी दिली होती’ असं ऐकवत नाही. व्यसनमुक्तीच्या गटातले जुने लोक घसरलेल्याला ‘स्लिप झाली’ म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी खुर्ची मांडून ठेवतात. विमा कंपनीनं खुर्ची मांडावी असं मी म्हणत नाही. दुसऱ्या वेळी फाइल उघडावी, इतकंच.

क्लेम नाकारला गेलेल्यांनी लगेच हात टेकू नयेत. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडं लेखी तक्रार करायची, त्यात २०१७ च्या कायद्याचं कलम २१(४) नाव घेऊन लिहायचं. दाद नाही मिळाली तर पुणे किंवा मुंबईच्या विमा लोकपालाकडं जायचं. तिथं फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या भरपाईचा निर्णय ते देऊ शकतात. डिस्चार्ज कार्डाबरोबर मानसोपचारतज्ज्ञाचं टिपण मागून घ्या. नुसतं ‘अल्कोहोलिक’ असं लिहिलेल्या कागदापेक्षा निदान नीट लिहिलेला कागद भांडायला उपयोगी पडतो. जिंकालच असं आश्वासन मी देऊ शकत नाही. पण जितक्या लेखी तक्रारी जमतील तितकं ‘लोक मागत नाहीत’ हे पालुपद कमी होईल.

नोकरी सोडल्यावर माझ्या स्वतःच्या पॉलिसीचं नूतनीकरण आलं तेव्हा मीही कंपनीला एक ईमेल लिहिला. कायद्यातली व्याख्या उतरवली, उपकलम उतरवलं, आणि विचारलं की या दोन्हींच्या उजेडात तुमची बारा नंबरची अट कशी टिकते ते कृपया कळवा. सतरा दिवसांनी उत्तर आलं. सोबत माझ्याच पॉलिसीच्या अटींची पीडीएफ होती. त्यात बारावा क्रमांक पिवळ्या रंगानं रंगवलेला होता, आणि खाली लिहिलं होतं: आपली शंका दूर झाली असल्यास कृपया पाच तारे द्या.